नव्वद किलोच्या पुढं पोरं का सापडत नाहीत?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जत्रेचं मैदान असलं की माणसं शेवटच्या कुस्तीसाठी दिवस मावळेपर्यंत जागची हलत नाहीत. शेवटची जोड म्हणजे सगळ्यांत मोठं इनाम आणि बहुतेक वेळा सगळ्यांत दांडगे गडी. त्याच मैदानात बसलेल्या पोरांच्या मोबाइलवर आता यूएफसी या अमेरिकी कंपनीच्या, जाळीच्या पिंजऱ्यातल्या झुंजी असतात. मग तालमीच्या कट्ट्यावर हा विषय निघतोच: आपल्याकडं शंभर-शंभर किलोचे पैलवान पैशाला पासरी, आणि त्या पिंजऱ्यात आपला एक हेवीवेट, म्हणजे सगळ्यांत वरच्या वजनाचा गडी, नाही, असं कसं?

विचारणाऱ्याला वाटतं ही फक्त आपली रड आहे. तसं नाही. ज्या अमेरिकेत हा खेळ वाढला तिथल्या जाणकारांचीही गेली कित्येक वर्षं हीच तक्रार आहे. खालच्या वजनात नवी पोरं रांग लावून उभी, आणि वरच्या दोन गटांत तेच ते चेहरे, तेही पस्तिशीला टेकलेले. तिकडची कारणं वेगळी, इकडची वेगळी. पण मुळाशी एक गोष्ट दोन्हीकडं सारखी आहे आणि ती आपल्या तालमीत रोज दिसते. तिथपर्यंत जायच्या आधी खेळाची थोडी ओळख करून घेऊ.

एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स. ठोसे, लाथा, गुडघे, कोपर, कुस्तीची पकड आणि ज्युजित्सूमधले गळा आवळायचे, हात पिरगाळायचे डाव, हे सगळं एकाच झुंजीत चालतं. साधी झुंज पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, किताबाची पाच फेऱ्यांची. यूएफसी ही त्यातली सगळ्यांत मोठी कंपनी. तिची पहिली स्पर्धा १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर शहरात झाली तेव्हा वजनगट नावाची भानगडच नव्हती. ऐंशी किलोच्या आसपासचा ब्राझीलचा रॉयस ग्रेसी त्या रात्री अंगानं मोठ्या माणसांना जमिनीवर नेऊन जिंकला. १९९७ साली पहिल्यांदा दोन गट पडले, २००० साली न्यू जर्सी राज्यात एकसारखे नियम आले आणि तिथून आजची रचना घडत गेली. आज यूएफसीत पुरुषांचे आठ गट आहेत. मर्यादा पाउंडात असतात; किलोत सांगायच्या तर साधारण ५७, ६१, ६६, ७०, ७७, ८४, ९३ आणि १२०. वरचे दोन म्हणजे लाइट हेवीवेट आणि हेवीवेट. पहिल्याच्या नावातल्या ‘लाइट’वर जाऊ नका. वजन झुंजीच्या आदल्या दिवशी घेतात, त्यामुळं काट्यावर ९३ भरणारा गडी एरवी शंभराच्या आसपास किंवा वरच असतो.

तूट दिसते कुठं

वयं बघितली की चित्र लगेच कळतं. २००७ साली रँडी कुटूरनं हेवीवेटचा किताब परत मिळवला तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. २०२१ मध्ये ग्लोव्हर टेक्सेरा लाइट हेवीवेटचा विजेता झाला ४२व्या वर्षी. नोव्हेंबर २०२४ मध्ये हेवीवेटच्या किताबासाठी जॉन जोन्स आणि स्टिपे मिओसिच समोरासमोर आले, त्यात मिओसिच ४२ वर्षांचा आणि जोन्स ३७. हाच जोन्स २०११ साली २३व्या वर्षी लाइट हेवीवेटचा किताब जिंकून यूएफसीचा सगळ्यांत तरुण विजेता ठरला होता. वरच्या वजनात असा कोवळा विजेता त्यानंतर परत दिसला नाही. जोन्सनं २०२५ मध्ये निवृत्ती घेतल्यावर हेवीवेटच्या विजेत्याचा पट्टा इंग्लंडच्या टॉम अ‍ॅस्पिनलकडं गेला. अ‍ॅस्पिनल १९९३ सालचा, म्हणजे तेव्हा बत्तिशीतला. आणि या गटात तो ‘तरुण’ म्हणून ओळखला जातो!

याच्या उलट खालच्या वजनात काय चाललंय? २०२२ मध्ये ६१ किलो गटातल्या राऊल रोसास ज्युनियरला यूएफसीनं करार दिला तेव्हा तो १७ वर्षांचा होता. खालच्या गटांत माणसंही जास्त. ६१ आणि ७० किलोच्या गटांत हेवीवेटच्या जवळजवळ दुप्पट लढवय्ये करारावर असतात.

माणसं कमी असली की काय होतं याचा नमुना म्हणजे २०२२-२३ मधला लाइट हेवीवेटचा पट्टा. यीरी प्रोहाझ्काचा खांदा निखळला, त्यानं पट्टा सोडला. मग यान ब्लाहोविच आणि मागोमेद अंकालाएव यांची झुंज बरोबरीत सुटली, पट्टा रिकामाच. मग जमाल हिल जिंकला आणि काही महिन्यांत टाच दुखावून त्यानंही पट्टा सोडला. शेवटी खालच्या, ८४ किलोच्या गटातून वर आलेल्या अ‍ॅलेक्स पेरेराला नव्या वजनातल्या अवघ्या दुसऱ्या झुंजीत किताबाची संधी मिळाली आणि त्यानं ती घेतली. तो तेव्हा ३६ वर्षांचा. पेरेरा कर्तबगार आहेच, पण ७० किलोच्या गटात वरून किंवा खालून आलेल्या कुणाला दुसऱ्याच झुंजीत एवढं मोकळं रान मिळालं नसतं.

पहिलं कारण साधं, मोजदादीचं

बेळगावच्या गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात चपलांच्या दुकानात जाऊन बारा नंबरचा बूट मागून बघा. सात, आठ, नऊ नंबरची थप्पी लागलेली असते, बारासाठी दुकानदार माळ्यावर पोरगा चढवतो आणि तरीही मिळेल याचा भरवसा नाही. माणसांच्या बांध्याचं तसंच आहे. बहुतेक लोक मधल्या मापाचे, टोकाला गेलं की संख्या झपाट्यानं घटते. त्यात हेवीवेटसाठी नुसतं वजन चालत नाही. पोट सुटून एकशे दहा भरणारे आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. हवा असतो तो सहा फुटांच्या पुढचा, रुंद हाडाचा, चरबी कमी असताना शंभर भरणारा आणि शिवाय चपळ. भारतीय पुरुषाची सरासरी उंची साडेपाच फुटांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडं हे टोक आणखी बारीक.

त्यातल्या त्यात जे असतात ते सगळे झुंजायला येतात असंही नाही. अमेरिकेत अशा पोरावर शाळेपासूनच अमेरिकन फुटबॉलवाल्यांचा डोळा असतो. तिथल्या एनएफएल या लीगमध्ये ३२ संघ, प्रत्येक संघात ५३ जण, म्हणजे सतराशेच्या जवळपास जागा, आणि त्यातल्या कितीतरी जागा मुद्दाम आडदांड माणसांच्याच. २०२५ च्या हंगामात नव्या खेळाडूचा किमान वार्षिक पगार ८,४०,००० डॉलर होता. यूएफसीत नवा आलेला लढवय्या एका झुंजीला साधारण दहा-बारा हजार डॉलर घेतो, जिंकला तर तेवढेच आणखी. वर्षात दोन-तीन झुंजी. सरावाचा, प्रशिक्षकाचा खर्च त्यातूनच. शहाणा बाप पोराला कुठं पाठवेल ते सांगायला नको.

गेबल स्टीव्हसन हे याचं ताजं उदाहरण. टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेसाठी कुस्तीच्या १२५ किलो गटात सुवर्ण, तेही २१व्या वर्षी. असा पोरगा एमएमएला मिळाला असता तर हेवीवेटचं चित्र पालटलं असतं. पण तो आधी डब्ल्यूडब्ल्यूईत गेला, मग एनएफएलच्या बफेलो संघाच्या सराव शिबिरात, मग परत कॉलेजच्या कुस्तीत, आणि पिंजऱ्यात उतरेपर्यंत २०२५ उजाडलं. ब्रॉक लेस्नरनंही हाच फेरा घेतला होता: २००० साली कॉलेज कुस्तीतला राष्ट्रीय विजेता, मग डब्ल्यूडब्ल्यूई, मग फुटबॉलचा प्रयत्न, आणि २००८ मध्ये यूएफसी. तिथं तो कारकिर्दीतल्या चौथ्याच झुंजीत हेवीवेटचा विजेता झाला. चौथ्या झुंजीत! गट किती विरळ होता हे यावरूनच समजावं.

आपल्या सीमाभागात मोठ्या अंगाच्या पोराची अडचण नेमकी उलटी आहे. त्याला गिऱ्हाईकच कमी. सैन्यभरती हा इथला पिढ्यान्‌पिढ्यांचा रस्ता, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच आहे. पण भरतीत सोळाशे मीटर धावायचं असतं, चांगले गुण हवे असतील तर साडेपाच मिनिटांत. एकशेपाच किलोचा पैलवान तिथं तिसऱ्या फेरीलाच धापा टाकतो. खेळाडू म्हणून वेगळ्या वाटेनं आत गेला तर गोष्ट निराळी. प्रो कबड्डीनं गावोगावच्या पोरांना नाव आणि पैसा दाखवला, पण तिथं ८५ किलोच्या वर वजन चालत नाही. म्हणजे हाडानं मोठं पोरगं असलं तरी घरचे, गुरुजी, मित्र सगळे त्याला वजन उतरवायलाच सांगणार. वजन राखून ठेवावं असं सांगणारी एकच जागा उरते, ती म्हणजे लाल माती.

आणि खुराक? दूध, तूप, अंडी, बदामाची थंडाई. बदाम किलोला सात-आठशेच्या पुढं गेलेत. सत्तर किलोच्या पोराचा खुराक भागवताना शेतकरी घराची दमछाक होते, शंभर किलोच्या पोराला तर घरची दुभती म्हैस विकायची सोयच नाही. यावर जास्त लिहायला नको, ज्याच्या घरात पैलवान आहे त्याला ठाऊकच आहे.

जोड मिळत नाही

आता मुख्य मुद्दा. माझ्या मते वरच्या वजनातली तूट ही मोठ्या अंगाच्या पोरांची तूट कमी आणि त्यांच्या जोडीची तूट जास्त आहे.

बेळगावपासून जवळच्या एका गावातल्या तालमीत सकाळी बसून बघितलेली गोष्ट सांगतो. पोरगं अठराचं, वजन एकशे सहा. अंगात चरबी आहे, पण खांदे आणि मांड्या बघून वस्तादांना कौतुक. तालमीत त्याच्या खालोखाल वजन एकोणऐंशी. म्हणून वस्ताद दोन पोरं आलटून पालटून त्याच्यावर सोडतात: एक दमला की दुसरा. मोठ्या पोराचा एकच धंदा चाललेला. मान धरायची, अंग टाकायचं, समोरचा वाकला की वर बसायचं. खालचं पोरगं पोटावर पडून मातीत हात रोवून धरतं, हे वरून रेटतं. वस्ताद ओरडतात, “अरे वजन नको टाकू, डाव कर! एकलंगी भर की.” पोरगं हसतं, एकलंगी भरायला जातं, जमत नाही, परत वजन टाकतं. वजन टाकून काम होतंय तर डाव कशाला करेल? पण त्या दोन तासांत माझ्या डोक्यात राहिलं ते वेगळंच. या पोराच्या अंगावर कुणीही, एकदाही, शंभर किलो टाकले नाहीत. खाली सापडल्यावर काय करायचं हे त्याला ठाऊक नाही, कारण त्याला खाली घालणारंच तालमीत कुणी नाही.

सत्तर किलोच्या पोराचं असं होत नाही. त्याला त्याच तालमीत सात-आठ जोड्या मिळतात. एक ढाक मारणारा, एक पट काढण्यात तरबेज, एक नुसता दमानं खेळणारा. रोज नवा पेच, रोज नवी अक्कल. दोघांनी सारखीच चार वर्षं घाम गाळला तरी हलक्या पोराचं शिक्षण जड पोराच्या दुप्पट झालेलं असतं. एमएमएत हा फरक आणखी वाढतो, कारण तिथं जोड एका प्रकारची पुरत नाही. ठोसेबाज जोड हवी, कुस्तीची हवी, जमिनीवर गळा-हात धरणारी हवी. शंभर किलोच्या वरची अशी तीन माणसं एका छताखाली सापडणं अमेरिकेतल्या मोठ्या जिममध्येही नशिबाचा भाग असतो. म्हणून तिकडचे हेवीवेट सरावाच्या जोडीसाठी देश बदलतात, आणि म्हणूनच नवख्या पोराला थेट मुरलेल्या गड्यासमोर उभं करायचा मोह प्रशिक्षकाला होतो. हेवीवेटचा सरावातला ठोसाही डोकं हलवून जातो. वर चढायच्या आधीच काही पोरं अशानं खचतात, काहींचे गुडघे जातात.

जड माणूस लवकर का दमतो, त्याचं उत्तर शरीराच्या मापात आहे. स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते. वजन मात्र घनफळाच्या हिशेबानं वाढतं. माणूस मापानं मोठा होत गेला की ताकद वाढते, पण वजन तिच्यापेक्षा भरभर वाढतं. तेवढं अंग हलवायचं, त्यात तयार होणारी उष्णता बाहेर टाकायची, हे काम जड. त्यामुळं हेवीवेटला रोज हलक्या पोराइतक्या फेऱ्या सरावाच्या करताही येत नाहीत. जोड कमी आणि वर फेऱ्याही कमी.

तिसरी गोष्ट ठोशाची. वजन वाढत जातं तशा झुंजी लवकर, ठोशावर संपायचं प्रमाण वाढतं. हे ऐकायला झकास, पण शिकणाऱ्याला घातक. छोट्या स्पर्धांत उतरलेलं ताकदवान पोरगं पहिल्या फेरीतच समोरच्याला झोपवतं. परत झोपवतं. नावापुढं सात विजय लागतात आणि दुसरी फेरी कशी असते हे त्यानं पाहिलेलं नसतं. मग वरच्या पातळीवर कुणीतरी त्याचा पहिला ठोसा चुकवतो, त्याला भिंतीला दाबून धरतो, आणि चौथ्या मिनिटाला पोरगं तोंड उघडून श्वास घेतं. हलक्या गटातला पोरगा तोवर तीन-तीन फेऱ्या पूर्ण लढून, हरून, जिंकून शहाणा झालेला असतो.

याचंच दुसरं टोक म्हणजे म्हातारे टिकतात. वेग आणि नजर आधी जाते, ठोशातली ताकद नंतर. ५७ किलोच्या गटात वेग गेला की गडी संपला. हेवीवेटमध्ये चाळिशीचा माणूसही एका फटक्यात तरण्याला आडवा करू शकतो, म्हणून तो जागा सोडत नाही. आणि उशिरा सुरू केलेल्यालाही इथं वाव राहतो. फ्रान्सिस एनगानू लहानपणी कॅमेरूनमध्ये वाळूच्या खाणीत राबला. २०१३ मध्ये पॅरिसला पोचला तेव्हा २६ वर्षांचा होता, एमएमए त्यानंतर शिकला, आणि २०२१ मध्ये हेवीवेटचा विजेता झाला. डॅनियल कॉर्मिए ऑलिंपिक कुस्ती खेळून तिशीत या खेळात आला आणि वरचे दोन्ही किताब घेऊन गेला. ६१ किलोच्या गटात तिशीत सुरुवात करून बघा म्हणावं.

मधली रिकामी जागा

वरची यादी परत बघा: ७०, ७७, ८४, ९३ आणि तिथून थेट १२०. खाली चारपासून नऊ किलोंपर्यंतच्या पायऱ्या आणि वर एकदम सत्तावीस किलोंचा कडा. ज्याचं नैसर्गिक वजन शंभर-एकशे दोन आहे त्यानं काय करायचं? ९३ वर उतरायचं तर शेवटच्या आठवड्यात पाणी तोडून, घाम काढून वजन पाडावं लागतं. हा प्रकार किती महागात पडतो ते कॉर्मिएला विचारावं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला तो अमेरिकी कुस्ती संघाचा कर्णधार होता, वजन उतरवताना त्याच्या मूत्रपिंडांनी दगा दिला आणि त्याला स्पर्धाच सोडावी लागली. वर जायचं तर समोर एकशेवीसचा रेडा उभा. तयार झालेला माणूस हे निभावून नेतो. वीस वर्षांच्या पोराचं यात मातेरं होतं.

यावर उपाय कागदावर आहे. अमेरिकेतल्या नियामक मंडळांच्या संघटनेनं २०१७ मध्ये काही नवे वजनगट मंजूर केले, त्यात १०२ किलोचा क्रूझरवेटही होता. यूएफसीनं तो घेतला नाही. आधीच विरळ असलेले दोन गट तीन करून आणखी विरळ कशाला करायचे, हा त्यांचा हिशेब असावा. मला तो पटत नाही. पोरं येत नाहीत म्हणून पायरी घालायची नाही, आणि पायरी नाही म्हणून पोरं येत नाहीत, हे चक्र कुठंतरी तोडावं लागेल.

कुस्तीतही हा कडा आहेच. ऑलिंपिकचे फ्रीस्टाइलचे गट ८६, ९७ आणि मग १२५. महाराष्ट्र केसरीचा खुला गट तर ८६ पासून १२५ पर्यंत एकच. सगळा मान, गदा, गाडी, फेटा याच गटाला. सीमाभागातल्या पोराला ती गदा खेळता येत नाही, त्याचं राज्य कर्नाटक. पण त्याच्याही डोळ्यापुढं पैलवान म्हणजे तोच खुल्या गटातला दांडगा गडी.

गंमत बघा, एवढं कौतुक जड गड्यांचं, पण भारताला कुस्तीत मिळालेली ऑलिंपिक पदकं कुठल्या वजनात आहेत? १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कांस्य आणलं ५७ किलोत. सुशील कुमार ६६, योगेश्वर दत्त ६०, बजरंग पुनिया ६५, रवी दहिया ५७, अमन सेहरावत ५७, साक्षी मलिक ५८. सत्तरच्या वर एकही नाही. आपल्याच तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कुराश या मध्य आशियातल्या कुस्तीप्रकारात कांस्य जिंकलं, ते ५२ किलोत. एमएमएतही तीच गत. यूएफसीत उतरलेला पहिला भारतीय भरत कंदारे ६६ किलो गटातला, २०१७ मध्ये शांघायला लढला. नंतरचा अंशुल जुबली ७० चा. २०२४ मध्ये यूएफसीत झुंज जिंकणारी पहिली भारतीय महिला पूजा तोमर ५२ ची. हेवीवेटमध्ये मोठं नाव एकच, अर्जन भुल्लर. २०२१ मध्ये त्यानं सिंगापूरच्या वन चॅम्पियनशिपचा हेवीवेट किताब जिंकला. पण तो पंजाबी वंशाचा असला तरी जन्मलेला आणि घडलेला कॅनडात.

जत्रेतल्या इनामानं मोठा पैलवान पोसला जातो, घडत मात्र नाही, असा मी याचा अर्थ लावतो. पोसायला पैसा लागतो, घडायला जोड लागते. आणि जोड हलक्या वजनातच मिळते.

मातीतून पिंजऱ्यात

मग तालमीतलं ते एकशेसहाचं पोरगं उद्या एमएमएकडं वळलं तर? कमरेची ताकद, पकड, दम धरायची सवय हे त्याच्या जमेला. दोन खोडी मात्र मोडाव्या लागतील. कुस्तीत पाठ लागली की खेळ संपला, म्हणून पैलवान खाली सापडला की पोटावर पालथा पडतो. पिंजऱ्यात पालथं पडणं म्हणजे समोरच्याला पाठ देणं. तो पाठीवर चढून मागून गळ्यात हात घालतो आणि खेळ तिथं संपतो. उलट पाठीवर पडणं तिथं हार नाही, तिथूनही पायांनी समोरच्याला अडवून लढता येतं. दुसरी खोड पटाची. पायाला हात घालताना आपली पोरं मान बाहेर ठेवून शिरतात. मातीत ते खपतं. पिंजऱ्यात समोरचा ती मान काखेत धरून आवळतो. हलक्या पोराच्या या खोडी पाच-सहा जोडीदार महिन्याभरात चार वेळा गळा धरून मोडून काढतात. जड पोराचा गळा धरणार कोण, हा प्रश्न परत तिथंच येतो.

एक गोष्ट करता येण्यासारखी आहे आणि तिला फार पैसा लागत नाही. बेळगाव तालुक्यातल्या गावोगावच्या तालमी, खानापूरकडच्या, निपाणी-चिकोडीकडच्या, प्रत्येकीत असा एखाद-दुसरा जड पोरगा आहे. आठवड्यातून दोन दिवस ही सगळी पोरं एका मॅटवर आणली तर प्रत्येकाला जोड मिळेल. आज ही पोरं त्यासाठीच कोल्हापूरला जातात, गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग अशा तालमींत राहतात. निपाणीहून ते सोपं, खानापूरहून अवघड. अडचण पैशाची कमी आणि वस्तादांच्या आपसातल्या मानापमानाची जास्त. आपला पठ्ठ्या दुसऱ्याच्या तालमीत घाम गाळतोय हे कितीजणांना बघवतं?

राहिला पोटापाण्याचा प्रश्न, कारण घरचे शेवटी तेच विचारतात. २०२६ च्या आइची-नागोया आशियाई स्पर्धेच्या कार्यक्रमात एमएमए आहे, त्यामुळं खेळाला थोडं वजन येईल. पण रेल्वे, पोलीस, सैन्य इथं खेळाडू म्हणून नोकरी मिळवायची तर कुस्तीला जी जागा आहे ती एमएमएला आज नाही. म्हणून जाणते वस्ताद पोरांना सांगतात, आधी कुस्तीवर नोकरी धर, मग काय हात-पाय मारायचे ते मार. सत्तर किलोच्या पोराला हा सल्ला मारक आहे, त्याची उमेदीची वर्षं त्यात जातात. शंभरच्या वरच्याला तो चालून जातो. म्हणून माझा अंदाज असा की या भागातून कधी हेवीवेट निघालाच तर तो विशीतला नसेल. सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी, पगार चालू असताना, खात्याची परवानगी काढून येईल, आणि तोवर त्याच्या अंगावर शंभर किलो टाकणारी दोन-तीन माणसं कुठल्यातरी कॅम्पात त्याला भेटलेली असतील.